डबल बेल : ओंकारेश्वर ते खलघाट, दक्षिण तटाने

पहिला दिवस, 27 डिसेंबर 2024. ओंकारेश्वर

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन 10 वर्षं झाली, पण देवळात शिरले की अजून घंटा दोनदाच वाजवतात. टण् टण्. एक टोला म्हणजे गाडी थांबवा, दोन म्हणजे जाऊ द्या. देवाला थांबवून ठेवायचं कारण काय, असं त्यांचं म्हणणं.

ऑगस्टमध्ये माझी पुण्यातली नोकरी गेली. वय 47, घराचे हप्ते अजून 9 वर्षांचे, मुलगी बारावीला. डिसेंबरपर्यंत अर्ज करून झाले, ओळखीपाळखी काढून झाल्या. मामांचा जळगावहून फोन आला. ते पायी नर्मदा परिक्रमेला निघाले होते. म्हणाले, "घरी बसून मोबाईलकडे बघतो, त्यापेक्षा नदीकडे बघ. जमेल तिथपर्यंत ये." मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा. घरात फेऱ्या मारतोस तेवढ्यात अर्धी नर्मदा होईल."

मामांची अट एकच होती, पैसे न्यायचे नाहीत. मैया, म्हणजे नर्मदा, देईल ते खायचं, ती ठेवेल तिथे झोपायचं. मी हो म्हणालो. स्वेटरच्या अस्तरात 500 च्या 6 नोटा बायकोने रात्री बसून शिवून दिल्या.

ओंकारेश्वरला नाभिक, मग घाटावर संकल्प, मग कढाई, म्हणजे मैयाला शिऱ्याचा नैवेद्य. काचेच्या लहानशा शिशीत नर्मदेचं पाणी भरून घ्यायचं, ती शिशी गळ्यात किंवा झोळीत ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ तिची पूजा करायची. नगर परिषदेचा परिक्रमावासीचा कागदही मिळतो. नियम गुरुजींनी भराभर सांगितले. मैया कायम उजव्या हाताला, उपनद्या ओलांडा पण मैया ओलांडायची नाही, उद्यासाठी साठवायचं नाही. संकल्पानंतर आम्हाला पलीकडच्या बेटावर, ओंकारेश्वराच्या मूळ देवळातही जाता येत नाही. ते शेवटी, सगळी फेरी झाल्यावर.

साठवायचं नाही म्हणताना गुरुजी माझ्या स्वेटरकडे बघत होते असं मला वाटलं. थंडी होती, स्वेटरकडे सगळेच बघत होते.

दुसरा दिवस. मोरटक्का

अमरकंटकला उगम, भरूचपुढे खंबातच्या आखातात समुद्र, लांबी 1312 किलोमीटर. दोन्ही काठ धरून चालायचं तर त्याच्या दुपटीहून जास्त. परंपरेचा हिशेब 3 वर्षं 3 महिने 13 दिवसांचा आहे. हल्ली बहुतेक जण चातुर्मास संपल्यावर निघतात आणि सहा महिन्यांच्या आत पुरं करतात. मी पहिल्या चार किलोमीटरमध्येच डाव्या टाचेवर फोड आणला.

रस्त्यात एका टपरीवाल्याने हाक मारली, "नर्मदे हर! चाय पीके जाओ बाबाजी." मी सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा. माणूस हसला. मामांनी चहा घेतला, दोन घोटांत संपवला, हात जोडले आणि निघाले. मी तो चहा पिताना आठ वेळा तरी 'धन्यवाद' म्हणालो असेन. टपरीत टीव्हीवर मनमोहन सिंगांच्या अंत्यसंस्काराच्या बातम्या चालू होत्या. टपरीवाला कुणाला तरी सांगत होता, कमी बोलणारा माणूस होता.

पुढे गेल्यावर मामा म्हणाले, "इतके धन्यवाद कशाला? पास दाखवला, बसलो. पासवाला माणूस कंडक्टरचे पाय धरतो का?"

मला ते पटलं नाही. पास कुणी दिला, हा प्रश्न राहतोच ना.

तिसरा दिवस. टोकसर

आज फार काही नाही. कापूस, गहू, पुन्हा कापूस. टाच दुखते. आश्रमात आसन लावलं. इथे अंथरूण टाकणं म्हणत नाहीत, आसन लावणं म्हणतात. रात्री टिक्कड आणि पातळ डाळ. टिक्कड म्हणजे जाडजूड गव्हाची भाकर, शेणीवर भाजलेली. तीन खाल्ले.

बाजूला नागपूरचे एक निवृत्त शिक्षक होते, तिसरी परिक्रमा. त्यांनी शूलपाणीच्या झाडीच्या, म्हणजे पुढे लागणाऱ्या जंगलाच्या, गोष्टी सांगितल्या. तिथे पूर्वी परिक्रमावासींना भिल्ल अंगावरच्या कपड्यांसकट लुटायचे, आणि त्या लुटणाऱ्यांना म्हणायचे मामा. लुटणंही मैयाच्याच आज्ञेने, अशी श्रद्धा. सगळं गेल्यावर माणूस कशावर विसंबतो ते तिला बघायचं असतं म्हणे. आता तिथले तेच मामा चहा पाजतात. मी आमच्या मामांकडे पाहिलं. ते घोरत होते. मला मात्र मैयाची ही परीक्षा ऐकायला जड गेली. ज्याचं आधीच सगळं गेलंय त्याची कसली परीक्षा घेता?

चौथा दिवस, 30 डिसेंबर. रावेरखेडी

सोमवती अमावास्या. पहाटेपासून आंघोळीला माणसांची रीघ, ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर भरून. थंडगार पाण्यात म्हाताऱ्या बाया डुबकी मारून 'नर्मदे हर' ओरडत होत्या. मी पाणी डोक्याला लावलं आणि वर आलो.

बेडियाच्या बाजूला मिरचीचा मोठा बाजार आहे. त्यामुळे इकडे वाटेतल्या खळ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली. वारा आला की शिंका. शिंकत शिंकत आम्ही बाजीरावांच्या समाधीपाशी पोचलो.

दगडी तटाचं आवार, आत शांतता, पलीकडे मैयाचं पात्र. 28 एप्रिल 1740 ला थोरले बाजीराव इथे गेले, चाळिशीही पुरी झाली नव्हती. शाळेत बाजीराव म्हटलं की घोडा आणि भाला डोळ्यांपुढे येतो. इथे तापाने तळमळणारा माणूस दिसतो, एप्रिलचं निमाडी ऊन, सभोवती छावणी, पुणे लांब. हरला नाही कधी, पण रणाबाहेर, नदीकाठच्या एका गावात संपला. मामा आत गेले, पायरीला हात लावला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. इथे घंटा नव्हती, नाहीतर वाजवली असती.

बाहेर येऊन म्हणाले, "याला पण वाटलं असेल, पुढचं स्टँड गाठू."

पाचवा दिवस. बकावा, मर्दाना

बकावा गाव लांबून ऐकू येतं. घरोघर यंत्रांवर दगड घासून शिवलिंगं करतात. नर्मदेतल्या दगडाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, 'नर्मदा के कंकर सब शंकर', म्हणून इथली लिंगं देशभर जातात. पांढऱ्या धुळीने माखलेला एक मुलगा बोटभर लिंगाला पॉलिश करत होता. त्याने एक माझ्या हातात दिलं, गुळगुळीत, कोमट. मी किंमत विचारली. तो म्हणाला, परिक्रमावासीला काय किंमत, ठेवा. साठवायचं नाही हा नियम मला एकदम आठवला. परत दिलं. मामा पुढे जाऊन हसले, "देवाला नाही म्हटलास, आणि तिकडे अस्तर भरून घेऊन चाललास."

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तुझी बायको माझीच सून लागते, म्हणाले, तिने फोन करून सांगितलं होतं, म्हाताऱ्याला काही झालं तर असू देत.

मर्दान्याला मुक्काम. मोरध्वज राजाची कथा या गावाशी जोडतात, तोच ज्याने अतिथीसाठी पोटचा मुलगा करवतीने कापायला काढला. 31 डिसेंबर होता. रात्री गावात कुणीतरी चार फटाके उडवले.

सहावा दिवस, 1 जानेवारी

हा दिवस जरा नीट सांगतो.

काठाने जायची वाट नाल्यापाशी तुटली होती. वळसा घालून आम्ही शेतांतून गेलो आणि चुकलो. बालभोग, म्हणजे सकाळची न्याहारी, झाली नव्हती. मर्दान्याहून पहाटेच निघालो होतो. अकरा वाजले, बारा वाजले, हाक नाही. केळीच्या बागेतून बाहेर पडलो तर तुरीचं शेत, त्यापुढे पुन्हा केळी. एका आश्रमाची पाटी दिसली म्हणून जीव टाकत गेलो. तिथल्या माणसाने दारातूनच सांगितलं की जेवण आटोपलं, भांडी घासून झाली, पुढच्या गावी बघा. तो चिडलेला नव्हता, दमलेला होता. रोज साठ-सत्तर माणसांना वाढत असेल.

मामांचा चेहरा उतरला. 68 वर्षांचा माणूस. त्यांची साखरेची गोळी सकाळीच घेतलेली होती. मी त्यांना लिंबाखाली बसवलं. स्वेटरवरून हात फिरवला, नोटा लागल्या. पण आजूबाजूला दुकान नव्हतं. 3000 रुपये आणि विकत घ्यायला एक बिस्किटचा पुडा नाही.

तीनशे पावलांवर एक घर होतं. कुडाचं, पुढे ताडपत्री, एक शेळी बांधलेली. मला तिथे जाऊन मागायचं होतं. इतके दिवस लोक बोलावून देत होते, मागायची वेळ आली नव्हती. आणि खरं सांगतो, पाय उचलेना. ऑगस्टनंतर मी जितक्या लोकांना फोन केले, त्या प्रत्येक फोनआधी पोटात हेच व्हायचं. जुने सहकारी, भाऊबंद. 'काही असेल तर बघा ना' एवढं पाच शब्दांचं वाक्य, ते म्हणायच्या आधी मी अर्धा तास हवापाण्यावर बोलायचो.

दारात एक आजी मिरच्यांचे देठ खुडत होती. मी म्हणालो, "नर्मदे हर." ती म्हणाली, "नर्मदे हर, जिंदगीभर." पुढे शब्द नाहीत. तिने वर पाहिलं, मग लिंबाखालच्या मामांकडे पाहिलं आणि आत गेली. मला मागावं लागलंच नाही, असं लिहायला आवडलं असतं. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी झालं. ती पुन्हा देठ खुडायला बसली. मग मी म्हणालो, "माताजी, मामांना साखरेचा आजार आहे. दोन घास मिळतील का?"

ती म्हणाली, आटा संपलाय, पोरगा रेशनचं धान्य आणायला गेलाय, ज्वारीच्या दोन भाकरी सकाळच्या आहेत. त्यावर लसणाची लाल चटणी आणि कांदा. शेळीचं दूध काढून तिने तिथेच मातीच्या चुलीवर काळा गूळ टाकून चहा केला. मामांना बिनगुळाचा. आम्ही जेवलो ते तिचं दुपारचं जेवण होतं, हे मला टोपली उपडी पडलेली पाहिल्यावर समजलं.

निघताना तिने लुगड्याच्या ओच्यातून 10 ची नोट काढली, माझ्या हातात ठेवली आणि माझ्या पायांना हात लावला. परिक्रमावासीला दक्षिणा देतात, पाया पडतात, हे मी ऐकलं होतं. माझ्या पायाला, माझ्या वयाच्या दीडपट बाईने. अस्तरातल्या सहा नोटा छातीला टोचत होत्या, आणि मी ती 10 ची नोट घेतली. नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर तिची सेवा नाकारल्यासारखं होतं. अस्तर उसवून तिला 500 द्यावेत असं मनात आलंच. मामांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आत्ता दिलंस तर तिनं भाकर विकली असं होईल."

मैयाने दिलं, हे मामा संध्याकाळी शिशीपुढे उदबत्ती लावताना म्हणाले. मी म्हणालो, "मैयाने नाही, त्या आजीने दिलं. आणि ती उपाशी राहिली." ते म्हणाले, "मग मी वेगळं काय म्हणतोय?" यावर आमचं भांडण झालं. छोटंसंच. ती उपाशी राहिली हे तिला कोण भरून देणार, हा माझा प्रश्न होता. मामांनी उत्तर दिलं नाही, पाय चेपत बसले.

सातवा दिवस. तेली भट्याण

इथल्या संत सियाराम बाबांनी 11 डिसेंबरला, मोक्षदा एकादशीला, देह ठेवला. आम्ही पोचलो तेव्हा महिनाही झाला नव्हता. बाबा देणगी 10 रुपयांहून जास्त घेत नसत. कुणी 500 ची नोट पुढे केली तरी 10 ठेवून बाकी परत. येणाऱ्याजाणाऱ्या परिक्रमावासीला चहा, राहायला जागा. अशा दहा-दहा रुपयांतून त्यांनी देवळांना आणि घाटांना मोठ्या रकमा दिल्या, हे निमाडात पोरंटोरंही सांगतात.

दर्शनाला बरीच गर्दी होती. माझ्याजवळ नेमकी 10 ची नोट होती. जणू ती त्यासाठीच दिलेली. मामा माझ्याकडे बघत होते. मी खिशात हात घालून उभा राहिलो, नोटेच्या घडीवरून अंगठा फिरवत, आणि काहीही न ठेवता बाहेर आलो. ती नोट माझ्याच्याने सोडवेना. आजही ती माझ्या पाकिटात आहे.

आठवा दिवस. लेपा

इथे नर्मदालय आहे. नाशिकच्या भारती ठाकूर परिक्रमेला आल्या होत्या, नंतर इथल्या मुलांसाठी शाळा काढून राहिल्या. आवारात मुलं प्रार्थना म्हणत होती. मराठी ऐकायला मिळालं, पोहे मिळाले, टाचेला कुणीतरी पट्टी बांधून दिली. रात्री घरी फोन लावला. मुलीच्या सराव परीक्षेचे मार्क आले होते. हप्ता गेला का, हे मी विचारलं नाही आणि बायकोने सांगितलं नाही.

नववा दिवस. महेश्वरसमोर

पलीकडे महेश्वर. अहिल्याबाईंचा किल्ला, घाट, घाटाच्या पायऱ्यांवर माणसं. नावाडी बोलावत होते. दहा मिनिटांचं पाणी, पण ओलांडायचं नाही. आम्ही ज्या काठावर बसलो ते नावडाटोली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी इथे 1950 च्या दशकात उत्खनन करून साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं शोधली. तेव्हाही इथे कुणी बाई शेणाने जमीन सारवत असेल आणि पलीकडे जायला होडी बघत असेल.

मामा आज गप्प होते. थकले असतील, असं वाटलं. संध्याकाळी म्हणाले, "उद्या खलघाट."

दहावा दिवस. खलघाटाचा पूल

मुंबई-आग्रा रस्त्यावरचा पूल. तिकडे धार जिल्हा, इकडे खरगोन. दुपारी आम्ही दक्षिणेच्या टोकाला पोचलो. ट्रकचा आवाज थांबत नव्हता.

18 जुलै 2022 ला इंदूरहून अमळनेरला निघालेली आपली एसटी याच पुलावरून कठडा तोडून नर्मदेत पडली. निदान 12 माणसं गेली. ड्रायव्हर आणि कंडक्टरही. पावसाळ्याचं पाणी, गढूळ, भरलेलं.

मामांनी ही ड्यूटी केली होती. आमच्याकडे खान्देशात अमळनेर, चोपडा, शिरपूर या गावांतून इंदूरला जाणारी माणसं नेहमीची. दवाखाना, लग्न, कपड्याची खरेदी. "या पुलावर गाडी आली," मामा म्हणाले, "की बायका खिडकीतून नाणी टाकायच्या. रुपया, दोन रुपये. 'नर्मदे हर' म्हणायच्या. मी सुट्ट्या पैशांसाठी भांडायचो त्यांच्याशी. इथे टाकता, मला द्या म्हणायचो."

मग ते पुलाकडे चालू लागले. मी मागे. कठड्याजवळ जिथून पाण्यावर पूल सुरू होतो तिथे ते थांबले. पुढे पाऊल टाकता येत नाही. परिक्रमावासी आहेत. गाडी पडली ती जागा त्यांना इथून फक्त बघता येत होती, आणि कुठली ते कळत नव्हतं. कठडा सगळीकडे सारखाच.

टपरीवर बसलेले एक साधू आमच्याकडे आले. त्यांनी विचारलं, मामांनी सांगितलं. साधूंनी डोळे मिटून हात जोडले. म्हणाले, भाग्यवान जीव, मैयाच्या कुशीत गेले, मोक्ष मिळाला.

मामा म्हणाले, "त्यांना अमळनेरला जायचं होतं."

साधू काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं नव्हतंही. थोड्या वेळाने त्यांनी टपरीवाल्याला तीन चहा सांगितले. आम्ही उभ्यानेच प्यालो.

मामा खाली घाटावर गेले. शिशीतलं अर्धं पाणी मैयात सोडलं, अर्धी शिशी पुन्हा भरली. हे रोजचंच. पण आज त्यांनी पाणी बारा वेळा ओंजळीने उचलून सोडलं. मी मोजले. शेवटची ओंजळ सोडताना हात थरथरत होते. पाणी निळंशार, स्वच्छ होतं, आणि संथ. त्याच पाण्याची पूजा गेले दहा दिवस करतोय, हे मला त्या क्षणी समजून घेता येईना. मी मामांना विचारलं, "अजून म्हणता, मैया सांभाळते?"

"म्हणतो."

"हे बघूनही?"

"परवा त्या बाईच्या भाकरीचं विचारलंस ना, कोण भरून देणार? ते पण नाही माहीत मला," मामा म्हणाले. "बत्तीस वर्षं तिकिटं फाडली. गाडी पोचेल की नाही हे मला कधी माहीत नव्हतं. तरी प्रत्येकाला गावाचं नाव विचारूनच तिकीट दिलं."

महामार्गावर शिरपूर-धुळ्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबत होत्या. अस्तरात 3000 होते, भाड्याला पुरून उरणारे. मामा ते ओळखून होते. म्हणाले, "जायचं तर जा. इथून गाडी मिळते. मी काही वाईट मानणार नाही."

पुलाच्या या टोकाला रस्त्याकडेला मारुतीचं लहान देऊळ आहे, पत्र्याचं छप्पर, एक घंटा टांगलेली. मामा आत गेले. दोरी धरली आणि एकदा ओढली. टण्. मी दुसऱ्या टोल्याची वाट बघत राहिलो. तो आला नाही. दोरी हातात धरून ते तसेच उभे होते, पाठमोरे, टोपी काखेत. एक ट्रक गेला, दुसरा गेला. धुळ्याची एक गाडी थांबून निघूनही गेली.

मग त्यांनी दोरी पुन्हा ओढली. टण् टण्.

मी झोळी उचलली आणि मैयाला उजव्या हाताला घेतलं.